दारावरची पाटी

माझ्या आयुष्यातला पहिला जिना मी वयाच्या तेविसाव्या वर्षी पुसला. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये मास्टर्स करायला स्टुटगार्टला गेलो. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चौघांत मिळून घेतलेल्या घरात खोली मिळाली. दुसऱ्याच आठवड्यात दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी लटकवलेली दिसली. पाटीवर एकच शब्द होता, 'केअरवोखे'. केअरन म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. त्या भागात ही फार जुनी पद्धत आहे. ज्याच्या दाराला पाटी, त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना त्याने झाडायचा आणि पुसायचा. आठवडा संपला की पाटी समोरच्या दाराला अडकवायची. याशिवाय एक 'मोठी' पाळी असते. तिच्यात तळघर, अंगण, इमारतीसमोरचा फूटपाथ आणि थंडीत त्यावरचा बर्फसुद्धा येतो. हे सगळं भाडेकरारात लिहिलेलं असतं. डॉक्टर असो, बसचालक असो की विद्यार्थी, पाटी कुणाला चुकत नाही.

मी बादली आणि मॉप घेऊन उभा असताना फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'फायनली कम्फर्ट झोनच्या बाहेर!' मावश्या-काकांच्या टाळ्या पडल्या. आईने लिहिलं, 'एवढं शिकून हे करायला गेलास का?' आणि पुढे हसरा चेहरा. मला फार बरं वाटलं.

नाशिकला आमच्या सोसायटीचा जिनाही रोज पुसला जायचा. तो कोण पुसतं, हे त्या ग्रुपवर कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. त्या बाई आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हापासून येत होत्या आणि मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

परदेशी शिकायला निघालेल्या प्रत्येकाला 'कम्फर्ट झोन' हा शब्द प्रसादासारखा हातावर ठेवला जातो. मी पुण्यात ज्या सेमिनारला बसलो होतो तिथल्या स्लाइडवर दोन वर्तुळं होती. एका छोट्या वर्तुळात तुम्ही. त्यापासून लांब एक मोठं वर्तुळ, त्यात यश, प्रगती, आयुष्य वगैरे. वक्त्याने सांगितलं की अस्वस्थता आली की समजायचं, आपण वाढतोय. इंजिनिअरला अशी आकृती लगेच पटते. इनपुट अस्वस्थता, आउटपुट प्रगती.

पुढे या कल्पनेचं मूळ शोधताना एक प्रयोग वाचनात आला. कम्फर्ट झोनबद्दल लिहिणारे अनेक जण त्याचा आधार घेतात. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवलं. चुकीच्या पेटीत गेला की उंदराला विजेचा झटका. दोन्ही पेट्यांतला फरक सहज दिसत असेल, तर झटका जितका जोराचा तितकं शिकणं जलद व्हायचं. फरक ओळखणं अवघड केलं, की मात्र मध्यम झटकाच जास्त उपयोगी पडायचा. थोडा ताण चांगला असतो, हे वाक्य इथून निघालं. मला मात्र त्यात वेगळंच काहीतरी खटकलं. उंदीर त्या पेटीत स्वतःहून आला नव्हता आणि झटक्याचं बटण त्याच्या हातात नव्हतं. सेमिनारमधल्या वर्तुळात माणूस एकटा असतो. प्रयोगात मात्र एक झटका खाणारा होता आणि एक देणारा.

ही गोष्ट मला वाचून कळली नाही. ती मला माझ्या एका मित्राने दाखवली, आणि तीही माझी शिकवायची हौस भागल्यावर.

तो त्याच घरात माझ्या आधीपासून राहत होता. वर्धा जिल्ह्यातला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. हा लेख लिहिताना मी त्याला विचारलं, तुझं नाव लिहू का? तो म्हणाला, "नाव नको. आडनाव तर नकोच नको."

जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. खाली बेलपाशी आणि टपालपेटीवर राहणाऱ्यांची आडनावं असतात. पत्र त्या आडनावावर येतं. तुमचं आडनाव तिथे नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याचं पत्र, सगळं परत जातं. म्हणून मी पोचलो त्याच दिवशी मित्राने कागदाची पट्टी कापून माझं आडनाव बेलपाशी चिकटवलं. त्याच्या आडनावाच्या खाली माझं, माझ्या खाली दोन जर्मन. पट्टी चिकटवताना तो म्हणाला, "इथे आडनावाचा एवढाच उपयोग. पोस्टमनला वाचता आलं म्हणजे झालं." मला वाटलं, तो टपालाबद्दलच बोलतोय.

शहरातल्या मराठी मंडळींमध्ये मी महिन्याभरात मिसळलो. रविवारी दुकानं बंद, चार-साडेचारला अंधार, पहिल्या परीक्षेत नापास. अशा दिवसांत कुणाच्या तरी घरी पिठलं-भात खाणं म्हणजे मोठाच आधार असतो. त्या आधाराला मी आजही नावं ठेवणार नाही. पण मित्र कधी येत नसे. काम आहे, असाइनमेंट आहे, बरं नाही. मला वाटायचं, गावाकडून आलाय, बुजत असेल. एकदा मी त्याला रीतसर व्याख्यान दिलं. म्हटलं, अरे, किती दिवस असा खोलीत बसणार? माणसात मिसळ. कम्फर्ट झोनमधून बाहेर ये जरा.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं. येतो."

दिवाळीच्या फराळाला तो आला. वीस-पंचवीस जण होते, नोकरी करणारे, शिकणारे, दोन-तीन कुटुंबं. मी त्याची ओळख करून दिली. एका काकांनी प्रेमाने विचारलं, "पूर्ण नाव काय?" त्याने सांगितलं. "अच्छा." मग थोडं थांबून, "म्हणजे गाव कुठलं मूळचं?" त्याने सांगितलं. "अच्छा अच्छा." पुढे कुणी वाईट बोललं नाही. चकली पुढे केली गेली. अर्ध्या तासाने इंजिनिअरिंगच्या प्रवेशांवर गप्पा वळल्या तेव्हा कुणीतरी म्हणालं, "इथलं एक बरंय, सगळं मेरिटवर." सगळे हसले. मीही हसलो. हसताना मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, म्हणूनच ते लिहितोय. मित्र नऊची ट्राम पकडायची म्हणून उठला. परत येताना मी स्वतःवर खूश होतो. एका माणसाला त्याच्या कोशातून बाहेर काढलं!

पुढच्या वसंतात, एका संध्याकाळी चौघे स्वयंपाकघरात होतो. मित्र बटाटे सोलत होता. आमच्या जर्मन रूममेटने टीव्हीवर भारताबद्दलची एक डॉक्युमेंटरी पाहिली होती. तिने सरळ विचारलं, "तुमच्याकडे जात अजून आहे का? तुमच्या घरी?"

प्रश्न माझ्याकडे बघून होता. मी तयार असल्यासारखं उत्तर दिलं. हे सगळं खेड्यात असतं. शहरात आता काही राहिलेलं नाही. माझ्या कॉलेजात कुणी कुणाची जात विचारत नाही. माझ्या घरी तर नाहीच नाही. माझं जर्मन तेव्हा कच्चं होतं, पण ही वाक्यं अडखळली नाहीत.

नाशिकच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, गॅस सिलिंडरच्या वरच्या बाजूला, कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असतो. घरकामाच्या मावशींना चहा त्या कपात मिळतो. तो बाकीच्या कपांबरोबर धुतला जात नाही. आमचं घर सवर्ण, सुशिक्षित आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणारं. हा कप मी लहानपणापासून बघतोय. उत्तर देताना तो मला आठवला नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो मला आठवला होता.

मित्र काही बोलला नाही. बटाटे सोलून झाल्यावर म्हणाला, "मीठ दे."

पाटी पुन्हा आमच्या दाराला लागली तेव्हा पाळी माझी होती. तळमजल्यावरच्या आजी माझं काम तपासायला कधीही वर यायच्या, म्हणून मी कोपऱ्यांत कापड फिरवत होतो. मित्र खालून वर येत होता. ओल्या पायऱ्यांवर पाय पडू नये म्हणून तो थांबला. आणि तसाच थांबून म्हणाला, "त्या दिवशी तू बरोबर बोलला."

"कधी?"

"तुमच्या कॉलेजात कोणी जात विचारत नाही म्हणून. खरं आहे. विचारायची गरजच नसते. यादी लागते ना."

प्रवेशाच्या याद्यांमध्ये नावासमोर सीटचा प्रकार छापलेला असतो. पहिल्या आठवड्यातच कोण कुठल्या प्रकारातून आलाय ते वर्गात सगळ्यांना पाठ झालेलं असतं. मला स्वतःला किती जणांचं पाठ होतं, ते मी त्या पायरीवर मोजलं.

तो पुढे म्हणाला, "तू मला कम्फर्ट झोन सोड म्हणून सांगून राहिला होता. अरे, सोडूनच तर आलो इथे. हे घर, ही खोली, हा माझा पहिला कम्फर्ट झोन आहे. अठ्ठावीस पायऱ्या आहेत इथून खालपर्यंत, आणि एकाही पायरीवर मला कोणी पूर्ण नाव विचारत नाही. रंगावरून त्रास होतो, तो तुलाही होतो. तिथे तू न् मी सारखे. दिवाळीला तू मला परत तिथंच घेऊन गेला बे, जिथून मी निघालो होतो."

तो रागावलेला नव्हता. जिना वाळला तसा वर निघून गेला.

त्यानंतर मी त्या स्लाइडचा विचार वेगळ्या तऱ्हेने करू लागलो. 'कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा' या उपदेशात एक गोष्ट न सांगता धरून चाललेली असते: घर म्हणजे सुख आणि परकी जागा म्हणजे अस्वस्थता. हे माझ्यासाठी खरं होतं, म्हणून मला ते सगळ्यांसाठी खरं वाटलं. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं, पण आपण ते 'परदेशी शिकून मोठे झाले' एवढंच वाचतो. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला परतले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव लावून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून निघायला लावलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात त्यांनी हे सांगितलंय. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव परदेशातल्या वर्षांनी मनातून पार पुसून टाकली होती, असंही ते तिथे लिहितात. म्हणजे त्यांच्या बाबतीत वर्तुळं उलटी होती. अनोळखी देश हा दिलासा होता आणि झटका बसला तो परत आल्यावर, आपल्या माणसांत.

मग मी जे सोडलं ते नक्की काय होतं? घरचं जेवण, भाषा, हवा. हे सोडणं कठीण होतं आणि ती अडचण खोटी नव्हती. पण ती मी निवडलेली होती, तिची मुदत ठरलेली होती आणि तिचे मला गुण मिळत होते: ग्रुपवर, रेझ्युमेवर, पुढे मुलाखतीत. 'मी जर्मनीत जिना पुसला' हे वाक्य माझ्या तोंडी अनुभव ठरतं. सोसायटीतल्या बाईंनी 'मी जिना पुसते' म्हटलं तर तो फक्त त्यांचा धंदा असतो. एकच मॉप, पण माझ्या हातात तो मला मोठं करतो आणि त्यांच्या हातात त्यांना आहे तिथेच ठेवतो. अशा अस्वस्थतेला धैर्य म्हणावं का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. मी एक सोय कधीच सोडली नव्हती. मी कोण आहे हे मला कुणी विचारत नाही आणि मी मात्र कुणालाही विचारू शकतो, ही ती सोय. ती विमानात तेवीस किलोंत मोजली गेली नाही, पण ती माझ्याबरोबर आली. दिवाळीच्या त्या हॉलमध्ये माझी सोय आणि मित्राची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत्या. माणसाचा कम्फर्ट झोन त्याच्या एकट्याच्या भोवती नसतो. तो कुणाच्या तरी अंगावर पसरलेला असतो. आणि तसं असेल तर बाहेर पडणं म्हणजे लांब जाणं नव्हे. ज्याच्या अंगावर आपण बसलोय त्याच्यावरून उठणं.

हे लिहायला सोपं आहे. मी काय केलं ते सांगतो.

रूममेटला मी खोटं सांगितलं होतं, ते दुरुस्त करायला मला पाच आठवडे लागले. मित्रासमोर करावंसं वाटत होतं, म्हणजे त्याला दिसलं असतं. ते जाणवल्यावर तो कामाला गेलेला असताना तिच्याशी बोललो. कपाबद्दल सांगितलं. यादीबद्दल सांगितलं. मित्राबद्दल मात्र काही सांगितलं नाही, ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी तुला भीती कसली वाटली?" मी म्हणणार होतो, देशाची बदनामी होईल. पण ते खरं नव्हतं. "तुला मी वाईट वाटेन याची," मी म्हणालो. माझ्या दोन वर्षांतल्या सगळ्या तोंडी परीक्षांपेक्षा ते वाक्य अवघड गेलं.

डिसेंबर २०१९मध्ये सुट्टीला घरी आलो. पहिल्याच सकाळी मावशींचा चहा मी आमच्यातल्याच एका कपात ओतला आणि कान तुटलेल्या कपात माझा. आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. मावशींनी चहा घेतला, कप स्वतः धुतला, पुसला आणि लांब ठेवला. दुसऱ्या दिवशी मी उठण्याआधीच त्यांनी खिडकीतला जुना कप खाली काढून घेतला होता. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तो का घेतलात?" त्या हळूच म्हणाल्या, "दादा, तुम्ही पंधरा दिवसांनी जाल. मग?"

त्या 'मग?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माझ्या समाधानासाठी एक कृती केली होती आणि तिचा ताण त्यांच्यावर टाकला होता. बटण पुन्हा माझ्याच हातात. कप बदलणं ही माझ्यासाठी दोन मिनिटांची गोष्ट होती. खरी अस्वस्थ करणारी गोष्ट होती आईशी बोलणं, आणि ती टाळण्यासाठीच मी कप बदलला होता.

आईशी बोलायला मला सुट्टीचा शेवटचा आठवडा लागला. ती म्हणाली, "अरे, वेगळेपणा म्हणून नाही, तिला सवय आहे त्या कपाची." मग म्हणाली, "मी तिच्या मुलीच्या फीला पैसे दिले ते तुला दिसत नाही?" तेही खरं होतं. शेवटी म्हणाली, "तू जर्मनीला जाऊन मला शिकवणार?" आणि रडली. माझ्यासाठी भाजणी भाजून डबे भरणारी आई. तिला दुखवताना मला कुठल्याही वर्तुळाच्या बाहेर पडल्यासारखं वाटलं नाही. फक्त वाईट वाटलं. पण मी शब्द मागे घेतले नाहीत आणि तीही उठून गेली नाही. आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसून राहिलो.

२०२१ साली मी परत आलो, आता पुण्यात नोकरी करतो. आईकडे तो कप आता नाही. तिने तो कधी काढला ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मावशी बाकीच्यांसारख्याच कपात चहा घेतात, पण अजून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसूनच. खुर्ची पुढे केली तर म्हणतात, "इथंच बरंय." त्यांना खरंच तिथे बरं वाटतं की 'मग?' अजून संपलेलं नाही, हे मला कळत नाही. सोसायटीचा जिना पुसणाऱ्या बाईंचं नाव मी विचारून घेतलं. जिना मात्र त्याच पुसतात. लाकडी पाटी फिरवायची कल्पना मी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडली, तेव्हा लोक हसले. त्या बाई म्हणाल्या, "मग माझ्या पगाराचं काय?" त्यांचंही बरोबरच होतं. जिथे काम आणि माणूस एकमेकांना असे चिकटवून ठेवलेत, तिथे नुसती पाळी लावून भागत नाही, आधी त्यांच्या पोटाची सोय लावावी लागते. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मित्र तिकडेच राहिला. परत येणार का, असं त्याला सगळे विचारतात. मी विचारत नाही. हा लेख मी त्याला वाचायला पाठवला होता. त्याने दोन दिवसांनी फोन केला.

"ठीक आहे. पण पायऱ्या सव्वीस होत्या."

"तूच अठ्ठावीस म्हणाला होतास."

"तेव्हा मोजल्या नव्हत्या. तू गेल्यावर तुझी पाळी मलाच करावी लागली ना," तो म्हणाला.